बेरीज एकशे दोन

माझं वय चोपन्न. केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या एका खात्यात मी नोकरी करतो. गावोगावच्या पाहणीचे तक्ते माझ्या टेबलावर येतात आणि त्यांची आडवी बेरीज उभ्या बेरजेशी जुळते का, हे मी बघतो. जुळली नाही तर तक्ता परत जातो. आम्ही मूळचे मिरजेचे. बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा चार वर्षांत परत जायचं ठरलं होतं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. आदर्श नगरात राहतो. घरात तिघं: मी, बायको सुनीता आणि मुलगी ईरा. ईरा इथे आली तेव्हा तीन वर्षांची होती, आता बावीसची आहे आणि ग्राफिक डिझाइन शिकते.

मला रक्ताचा कर्करोग आहे. हळू चालणारा प्रकार आहे आणि माझ्या बाबतीत तो रोजच्या एका गोळीने ताब्यात आहे. हे वाक्य आज मी सरळ लिहू शकतो. पण निदान झाल्यापासून चोवीस दिवस ते मला सोडून माझ्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. हे लिखाण त्या चोवीस दिवसांबद्दल आहे. आजारी माणसांसाठी लिहितोय, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. औषधांची माहिती यात नाही. ती डॉक्टरांना विचारा. ‘विचारा’ हे मुद्दाम लिहितोय, कारण मी विचारलं नव्हतं.

मुरलेला टायफॉइड

उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझं वजन एकाहत्तर किलो होतं. तीन महिन्यांनी साडेचौसष्ट झालं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. जेवायला बसलो की दीड पोळीत पोट भरायचं आणि डाव्या बरगडीखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. ऑफिसच्या सेहेचाळीस पायऱ्या मी एका दमात चढायचो, आता बाविसाव्या पायरीवर थांबायला लागलो. सुनीता म्हणाली, “उन्हाचं होतंय.” मग एक दिवस ती म्हणाली, “उन्हाचं नाहीये.” आणि डॉक्टरांकडे घेऊन गेली.

रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीबाहेर आम्ही दोघं बसलो होतो. नर्सने मला वजन करायला आतल्या बाजूला नेलं. परत आलो तर सुनीता डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येत होती. तिचा चेहरा ओला होता.

“तोंड धुतलं,” ती म्हणाली. “फार उकडतंय.”

“काय म्हणाले?”

“टायफॉइड. जुना आहे. अंगात मुरलाय. तिल्लीला, म्हणजे प्लीहेला सूज आलीये म्हणून पाच दिवस ॲडमिट करायचं.”

मुरलेला टायफॉइड. मुरलेलं लोणचं मला माहीत होतं, मुरलेला टायफॉइड पहिल्यांदाच ऐकला. एखाद्या तक्त्यात असा शब्द आला असता तर मी लाल पेनाने गोल केला असता आणि समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं. पण हा शब्द सुनीताच्या तोंडून आला होता. सव्वीस वर्षांत तिने माझ्याशी एकही गोष्ट खोटी बोललेली मला आठवत नव्हती. तिने पिशवी उचलली, मी तिच्या मागून निघालो.

पाच दिवस

दवाखान्यात दिवस साडेपाचला सुरू होतो. तापमान, रक्तदाब, मग सलाईन. लघवी मापाच्या भांड्यात करायची आणि आकडा सांगायचा. ते काम मला आवडायचं. मी वहीत दोन रकाने आखले होते, आत गेलेलं पाणी आणि बाहेर आलेलं पाणी. वही अंदाजाने भरायचो, कारण चष्मा नव्हता. जवळचं दिसण्याचा चष्मा घरी राहिला, असं सुनीता म्हणाली. पहिल्या दिवशी ईरा आणायला विसरली. दुसऱ्या दिवशी तो सापडेना. पलंगाच्या पायाशी लावलेली फाइल मला दिसायची, अक्षरं दिसायची नाहीत. कमरेच्या हाडातून तपासणीला द्रव काढला त्या दिवशी एका कागदावर सही हवी होती. सुनीताने बोट ठेवलं तिथे मी सही केली.

“हाड कशाला तपासतात?”

“टायफॉइड हाडापर्यंत गेलाय का ते बघतात,” ती म्हणाली.

डॉक्टर रोज सकाळी यायचे. “दवा शुरू कर दी है, काउंट नीचे आएगा,” म्हणायचे. ‘काउंट’ हा शब्द ऐकून मला बरं वाटायचं. मोजता येण्यासारखं काहीतरी आहे, ते खाली येणार आहे. मी विचारायचो, “आएगा ना?” ते म्हणायचे, “बिल्कुल आएगा.” कशाचा काउंट, हे मी पाचही दिवसांत एकदाही विचारलं नाही.

खोलीत दुसरा पलंग गोपालजींचा होता. सत्तरी ओलांडलेले, जयपूरजवळच्या सांगानेरचे, जन्मभर लाकडी ठशांनी कापड छापलेले. बोटांच्या पेरांत निळा रंग कायमचा बसलेला. त्यांना काय झालंय हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या तिन्ही सुनांना माहीत होतं आणि बहुधा कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं, कारण त्या मोठ्याने रडायच्या. गोपालजी त्यांना म्हणायचे, “अभी से रो लोगी तो बाद में क्या करोगी? कुछ बचा के रखो.” मग सुना रडता रडता हसायच्या.

त्यांच्याकडे काडेपेटीएवढा एक ठसा होता, पाच पाकळ्यांच्या फुलाचा. दुपारच्या जेवणात बीटच्या फोडी यायच्या. गोपालजी त्या खायचे नाहीत, कागदी रुमालावर रस चोळून त्यात ठसा बुडवायचे आणि छापायचे. एकदा माझ्या तापमानाच्या तक्त्यामागे सहा फुलं छापली. नर्स भडकली. “बाबा, ये सरकारी काग़ज़ है!” खरं तर दवाखाना खाजगी होता. गोपालजी म्हणाले, “तो सरकार को भी फूल भेज दो.”

त्यांनी माझं बोट धरून मला ठशाच्या कोपऱ्यातला बारीक ठिपका दाखवला. पुढचा ठसा त्या ठिपक्यावर ठेवायचा, मग ओळ सरळ येते. माझ्या हातात ठसा दिला. माझी पहिली चार फुलं वाकडी आली, पाचवं बसलं. त्या अर्ध्या तासात मला डाव्या बरगडीची आठवण झाली नाही. एवढं साधं काम माणसाला इतकं हलकं करतं, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

डिस्चार्जच्या दिवशी सुनीता बाहेर डॉक्टरांशी बोलत होती. गोपालजी तिकडे बघत म्हणाले, “बाबूजी, आपके घरवाले बाहर जाके बात करते हैं. मेरे वाले यहीं रोते हैं.”

मी म्हटलं, “मुझे तो टायफॉइड है.”

त्यांनी एक रुमाल घडी करून माझ्या खिशात घातला. त्यावर बीटचं फूल होतं. “बिटिया को देना. आपने बताया था ना, ड्रॉइंग करती है.”

डबी

घरी आलो तर चष्मा सापडला होता. “सोफ्याच्या फटीत होता,” ईरा म्हणाली.

रुमाल तिला दिला. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर एक डबी ठेवली. लाकडी, लांबट, सात खणांची, प्रत्येक खणाला वेगळं झाकण. झाकणांवर तिने तेच पाच पाकळ्यांचं फूल रंगवलं होतं, प्रत्येक वाराचा रंग वेगळा. सोमवार पांढरा, मंगळवार गेरूसारखा लाल, असे सात.

“बाबा, आता तुम्ही फॉइल वगैरे नाही बघायचं. मतलब, आई आठवड्याच्या गोळ्या यात भरून ठेवणार. तुम्ही फक्त फूल उघडायचं.”

आयुष्यात मला पुष्कळ भेटी मिळाल्या, बहुतेक शर्टाची कापडं. कुणीतरी बसून, सात वेळा ब्रश धुऊन माझ्यासाठी काही केलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ऑफिसमधल्या तिघांना फोन करून त्या डबीबद्दल सांगितलं. त्यातल्या एकाने विचारलं, “गोळी कसली आहे?” मी म्हटलं, “टायफॉइडची. लिव्हरसाठी असेल.”

गोळी घेतली की पोटऱ्यांत गोळे यायचे. सुनीता पाय दाबायची, केळं द्यायची. सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायची. ईरा थंड चमचे ठेवायची. मी एवढा लाडावलो होतो की मिरजेला आईला फोनवर म्हणालो, टायफॉइड झाला ते बरंच झालं.

मी रिपोर्ट मागितला होता. दोन दिवसांनी ईराने छापून आणला. पांढऱ्या पेशी अकरा हजार चारशे. थोड्या जास्त, पण टायफॉइडमध्ये असतं, असं सुनीता म्हणाली. खाली पेशींच्या प्रकारांची टक्केवारी होती, बेरीज शंभर. मी आकडे वहीत उतरवले आणि तारीख घातली.

दोन जास्त

ॲडमिट झाल्यापासून तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. लॅब शहरातल्याच सोडाल्याला, डॉक्टरांच्या क्लिनिकजवळ. सुनीता बरोबर आली, पावती तिने माझ्याकडे दिली. ती तिची एक चूक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ईराने कॉलेजमधून रिपोर्ट छापून आणला. मी तो तिसऱ्या दिवशी सकाळी, चहानंतर, वहीत उतरवायला घेतला.

न्यूट्रोफिल बासष्ट. लिम्फोसाइट एकतीस. मोनोसाइट पाच. इओसिनोफिल चार.

एकशे दोन.

पुन्हा केली. एकशे दोन. खालून वर केली. एकशे दोन.

मला रिपोर्टमध्ये काही वेगळं दिसलं म्हणून मी उठलो नाही. मला राग आला होता तो लॅबवर. रक्ताची टक्केवारी एकशे दोन येते आणि खाली डॉक्टरची सही? असा तक्ता मी परत पाठवला असता, म्हणून हाही परत द्यायला निघालो. सुनीता बाजारात गेली होती, ईरा कॉलेजला. महिन्याभरात पहिल्यांदा मी एकटा घराबाहेर पडलो. ऑटो केली आणि सोडाल्याला उतरलो.

काउंटर

काउंटरवर ईराच्या वयाची एक मुलगी होती. मी कागद पुढे केला.

“बेटा, इसमें टोटल ग़लत है. सौ आना चाहिए, एक सौ दो आ रहा है.”

“अंकल, मशीन से आता है. मशीन ग़लत नहीं जोड़ती.”

“आप जोड़ के देखिए.”

तिने मोबाइलवर बेरीज केली. “अरे हाँ.” मग तिने माझी पावती घेतली, नंबर टाकला आणि पडद्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत पडद्याकडे.

“अंकल, ये प्रिंट हमारा नहीं है. किसी ने टाइप किया है. आपका तो ये रहा.” आणि ती एकदम हसली. मनापासून, आनंदाने. “और ये तो बहुत अच्छा है! पहली बार एक लाख अड़तालीस हज़ार था, अब अड़तीस हज़ार. दवा लग गई आपको. बधाई हो.”

मी म्हटलं, “कौन सी दवा?”

तिने माझ्याकडे बघितलं. ते हसू हळूहळू गेलं.

“ओरिजिनल निकाल दो,” मी म्हटलं.

तिने कागद काढून दिला. मी चष्मा लावून उभ्या उभ्या वाचला. तळाशी एका ओळीत रोगाचं नाव होतं, ‘आधीच्या निदानाशी सुसंगत’ असं पुढे लिहिलं होतं. नाव इंग्रजीत, तीन शब्दांचं. शेवटचा शब्द मला माहीत होता. तो सगळ्यांनाच माहीत असतो.

आजाराबद्दल लिहिणारे लोक निदानाच्या दिवसाचं वर्णन करतात. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली, बायकोने हात धरला, असं. माझ्या निदानाच्या दिवशी मी एका काउंटरवर तक्रार घेऊन उभा होतो आणि एका अनोळखी मुलीने माझं अभिनंदन केलं.

मी बाहेर पडलो. ती मुलगी माझ्या मागून आली. तिच्या हातात तो पहिला कागद होता. “अंकल, ये वाला भी रखना है?”

“दोनों रखने हैं,” मी म्हटलं. तिने समोरच्या दुकानातून माझ्यासाठी खुर्ची आणवली आणि मी उठेपर्यंत दारात थांबली. त्या दिवशी माझ्याशी खरं बोललेलं ते एकमेव माणूस होतं.

मंगळवार

घरी आलो तेव्हा दोघी आलेल्या होत्या. सुनीता मेथी निवडत होती.

“अहो, कुठे गेला होतात? फोनसुद्धा नेला नाहीत!”

मी डबी आणून टेबलावर ठेवली आणि लाल फुलाचं झाकण उघडलं. “आज मंगळवार. यात काय आहे?”

“गोळी आहे. काय असणार?”

“कसली?”

“सांगितलंय की तुम्हाला.”

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सुनीताने मेथीची जुडी खाली ठेवली. ईराने कागद बघितले आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं:

“आई, तू एकतीस म्हणाली होतीस!”

“एकोणतीस म्हटलं मी.”

“एकतीसच ऐकलं मी! बाबा, सॉरी, मतलब, फोनवर गाड्यांचा आवाज होता, आणि मला ते एकोण-बिकोण नाही कळत...”

ईरा आकडे हिंदीत शिकली. तिच्यासाठी एकोणतीस म्हणजे ‘उनतीस’. भाजीच्या गाड्याजवळ उभं राहून आईने फोनवर ‘एकोणतीस’ म्हटलं, मुलीने ‘एकतीस’ लिहिलं. मिरजेत वाढलेल्या मुलीने ही चूक केली नसती आणि माझा मुरलेला टायफॉइड कदाचित अजून चालू राहिला असता.

तिने माफी मागितली. पण खोट्याची नाही, चुकलेल्या आकड्याची.

“हे आकडे कुणाचे?” मी विचारलं. “मनाने घातले असते तर इतके व्यवस्थित आले नसते.”

सुनीता म्हणाली, “माझे.”

तिचेच दोन जुने रिपोर्ट होते, कपाटात ठेवलेले. एक गेल्या वर्षीचा, एक त्याच्या आदल्या वर्षीचा. पहिल्या वेळी दोघींनी शेजारी बसून ते माझ्या नावावर उतरवले, म्हणून बेरीज बरोबर आली. पांढऱ्या पेशी तेवढ्या जरा वाढवून घातल्या, खरं वाटावं म्हणून. दुसऱ्या वेळी फोनवर सांगितले. फोटो पाठवता आला नाही, कारण आमच्या तिन्ही फोनचे फोटो एकाच ठिकाणी साठतात. ती सोय मीच करून दिली होती.

म्हणजे तीन आठवडे मी वहीत स्वतःचं रक्त समजून माझ्या बायकोचं रक्त लिहीत होतो.

“चष्मा?” मी विचारलं.

ईरा म्हणाली, “आईच्या पर्समध्ये होता.”

“पाचही दिवस?”

“हो.”

त्यानंतर मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढंच लिहितो की मी डबी उचलली आणि ईराला म्हणालो, ही तू माझ्यासाठी केली नाहीस, गोळीचं नाव झाकायला केलीस. ती म्हणाली, “दोन्हीसाठी केली, बाबा.” मला ते तेव्हा ऐकायचं नव्हतं. आजही पूर्ण पटतं असं नाही.

सुनीता शेवटी म्हणाली, “तुमच्या ऑफिसातले वझे गेले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात. त्यांना सांगितलं नसतं तर आणखी दोन वर्षं जगले असते. स्मशानातून आल्यावर, याच टेबलावर.”

“ते वझ्यांबद्दल म्हटलं होतं.”

“मग मी कुणाबद्दल ऐकायचं?”

मी म्हटलं होतं, हे खरं आहे. दुसऱ्याच्या मरणाबद्दल माणूस असं काहीही बोलतो. ते कुणी सूचना म्हणून जपून ठेवेल, असं त्याला वाटत नाही.

साबुदाण्याचा डबा

गोळ्यांची पाकिटं साबुदाण्याच्या डब्यात होती. मी उपास करत नाही, तो डबा कधी उघडत नाही. मी पाकीट काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं, तिथून स्वतः गोळी घ्यायला लागलो. डबी ईराच्या खोलीच्या दाराशी ठेवली. ती तिथून कुणी उचलली नाही. अकरा दिवस आमच्या घरात कामापुरतं बोलणं चाललं. सुनीता पाय दाबायला आली की मी पाय आखडून घ्यायचो. गोळे यायचेच.

भीती वाटत होती का? वाटत होती. पण खरं सांगतो, मरणाच्या भीतीला माझ्याकडे वेळच नव्हता. मी मागे जाऊन एकेक दिवस तपासत होतो. ती अमुक दिवशी खीर केली ती का? ईरा अचानक माझ्याशी पत्ते खेळायला बसली ती का? जे जे प्रेमाने झालं होतं, त्यासमोर मी प्रश्नचिन्ह टाकत होतो. आजार रक्तात होता. हे त्यापेक्षा आत गेलं होतं.

बाराव्या दिवशी मी एकटा डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांना सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मैडम ने कहा था, आप जानना नहीं चाहते. मुझे आपसे ख़ुद पूछना चाहिए था. मेरी ग़लती है.” मग म्हणाले, “पर एक बात बताइए. पाँच दिन मैं रोज़ आया. आपने एक बार भी क्यों नहीं पूछा कि हुआ क्या है?”

परत येताना ऑटोत उत्तर शोधत होतो. मी आत गेलेलं पाणी मोजलं, बाहेर आलेलं मोजलं, पायऱ्या मोजल्या. हाडातून द्रव काढताना भिंतीवरच्या चौकोनी फरश्या मोजल्या, त्या अठ्ठावीस होत्या. ‘मुरलेला टायफॉइड’ ऐकताच मला तो शब्द खटकला होता. खटकला होता, आणि मी लाल पेन उचललं नाही. सुनीताने माझ्यापासून लपवलं हे खरं. मी तिला लपवू दिलं, हेही त्याच कागदावर लिहायला हवं. याने तिच्या नावावरचं कमी होत नाही. तिचं तेवढंच राहतं, माझं वेगळं मांडायचं.

घरच्यांना एक सांगतो. तुम्ही दयेपोटी जे लपवता, त्याच्याबरोबर तुमची बाकीची दयाही जाते. नंतर तो माणूस प्रत्येक केळं, प्रत्येक थंड चमचा उजेडात धरून बघतो. सांगायचं कसं ते डॉक्टरांना विचारा, वेळ घ्या, शेजारी बसून रडा. गोपालजींच्या सुनांसारखं रडा. पण त्याचा आकडा त्याला द्या.

तिसरा रिपोर्ट

त्या संध्याकाळी मी दोघींना दोन अटी सांगितल्या. रिपोर्ट मी आणणार. आणि तो घरात मोठ्याने वाचला जाणार, सगळ्यांसमोर, ईराच्या तोंडून, मराठीत.

“मराठीत का?” ईरा म्हणाली.

“कारण तिथेच घोळ झाला.”

मग मी तिला ते शिकवलं. एकोण म्हणजे एक उणा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तिने विचारलं, “मग सरळ नऊ का नाही म्हणत? वीस आणि नऊ?” त्या दिवशी किती दिवसांनी तिने मला असा आगाऊ प्रश्न विचारला होता.

पुढच्या आठवड्यात डबी पुन्हा टेबलावर आली. फुलं तशीच होती. प्रत्येक फुलाखाली तिने बारीक अक्षरात एकेक शब्द लिहिला होता. सोमवार एकोणीस, मंगळवार एकोणतीस, मग एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, रविवार एकोणऐंशी. आणि डबीच्या बाजूला गोळीच्या पाकिटावरचं नाव कापून चिकटवलं होतं, सरळ, चारही कोपरे दाबून.

“एकोणनव्वद राहिलं,” मी म्हटलं.

“आठवा वार आणा,” ती म्हणाली.

मी गोळ्या त्यात भरल्या. स्वतः भरल्या.

तिसरा रिपोर्ट मी सोडाल्याहून आणला. पाकीट बंद ठेवून आणलं, ते सोपं नव्हतं. दुपारची वेळ होती. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. ईराने पाकीट फाडलं आणि वाचायला लागली.

“पांढऱ्या पेशी आठ हजार नऊशे.”

सुनीताने डोळे मिटले.

“प्लेटलेट दोन लाख... उनसठ... नाही. थांबा. साठला एक कमी. दोन लाख एकोणसाठ हजार.” ती पुढे वाचत गेली. “न्यूट्रोफिल अठ्ठावन्न. लिम्फोसाइट चौतीस. मोनोसाइट सहा. इओसिनोफिल दोन.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “शंभर, बाबा. मी केली.”

मीही मनात केली होती. शंभरच होती. तरी मी हात पुढे केला.

ईराने कागद दिला. “दरवेळी बघणार?”

“दरवेळी.”

तिने मान हलवली. सुनीता उठली, आत गेली आणि परत येऊन, मी न मागता, माझा चष्मा कागदाशेजारी ठेवला. काच तिने पुसलेली होती. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून बेरीज पुन्हा केली.